आधी रद्दीवाल्याकडे जा

पत्राचा सारांश: मुलगी पुण्यात कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. प्लेसमेंट तोंडावर आलीय आणि ही दर रविवारी मोडी लिपीच्या वर्गाला जाते, वर इतिहासाची पुस्तकं वाचते. ‘एकाच जागी खणलं तर पाणी लागतं’ हे तिला पटत नाही. दिवाळीत घरी आली होती, तेव्हा टेबल आवरताना तिची दोन पुस्तकं आणि एक वही रद्दीत गेली. तेव्हापासून फोनवर धड बोलत नाही. तिला कसं समजवावं?
– एक वडील, नाशिक

नमस्कार,

तिला समजवायचं नंतर बघू. आधी त्या वहीचं बोला.

‘रद्दीत गेली’ म्हणे! वही पायांनी चालत गेली नाही, तुम्ही घातलीत. पुस्तकं पुन्हा मिळतील, वही तिच्या हातची होती. उघडून तरी पाहिलीत का? मोडी गिरवताना आधी पानभर आडवी रेघ ओढून घेतात आणि मग हात शक्यतो न उचलता तिच्याखाली अक्षरं लिहीत जातात. शब्दांमध्ये जागा नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. शब्द कुठे संपला, हे वाचणाऱ्यानं संदर्भावरून ताडायचं. तुमची मुलगी हे दर रविवारी करते, कुणी मार्क देत नसताना. आणि हो, तिचे मार्क घसरल्याचं पत्रात कुठेच नाही. घसरले असते तर पहिल्याच ओळीत लिहिलं असतंत.

एकाच जागी खणण्याचं म्हणाल, तर दामोदर धर्मानंद कोसंबी बघा. गोव्यात जन्मलेले, फर्ग्युसनमध्ये गणित शिकवलेले. हार्वर्डमध्ये शिकत असताना गणितावरच लक्ष द्या, असा सल्ला त्यांनाही मिळाला होता. त्यांनी तो मानला नाही. पुढे या गणितज्ञानं प्राचीन आहत, म्हणजे ठसे मारलेली, नाणी एकेक करून तोलली. हातोहात फिरून नाणं झिजतं, जास्त फिरलेलं जास्त हलकं होतं. ही घट संख्याशास्त्रानं मोजून त्यांनी नाण्यांचा काळाचा क्रम लावला. नुसत्या गणितवाल्याला जुन्या नाण्यांशी काय देणंघेणं? आणि नुसत्या इतिहासवाल्याला हे गणित सुचलं नसतं. १९४४ साली त्यांनी जनुकांमधलं अंतर काढायचं सूत्र मांडलं, ते आजही त्यांच्याच नावानं ओळखतात. शिवाय भर्तृहरीच्या सुभाषितांचं संपादन केलं, ते वेगळंच.

आता मी असंही म्हणू शकते, की पुण्यात पेशवे दफ्तराचे रुमालच्या रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले जुन्या कागदांचे गठ्ठे, पडलेत, कॉम्प्युटरला मोडी वाचायला शिकवणारी माणसं हवीत, मुलीला उद्या त्यातच काम मिळेल. पण त्या आमिषानं तुम्ही ‘हो’ म्हणावं, अशी माझी अजिबात इच्छा नाही. कारण प्लेसमेंटला मोडीचा कवडीचा उपयोग झाला नाही, तर तुम्ही पुन्हा टेबल आवरायला घ्याल.

उद्या सकाळी रद्दीवाल्याकडे जा. वही एव्हाना गेली असणार, तरी जा आणि गठ्ठे स्वतः उपसा. मग तिला फोन करा. ‘पसारा झाला होता’ वगैरे नको. ‘वही मी टाकली, चुकलं माझं’ एवढंच म्हणा, आणि ती बोलेल ते ऐकून घ्या. प्लेसमेंटचा विषय त्या फोनवर काढायचा नाही.