नव्या शिक्षकांसाठी: मूल नीट बोलत नाही म्हणजे नेमकं काय?

आधी दोन गोष्टी वेगळ्या करा. ‘रस्ता’ला ‘लस्ता’ म्हणणं ही उच्चाराची अडचण. उच्चार स्पष्ट, पण वाक्य अर्धवट, क्रियापद चुकीचं, सांगितलेलं कळत नाही, ही भाषेची. या दुसऱ्या अडचणीकडेच जास्त दुर्लक्ष होतं, कारण असं मूल गप्प बसतं आणि ‘लक्ष नाही’ असा शेरा मिळवतं.

तपासायला सोपं आहे. हातवारे न करता सांगा, ‘वही दप्तरात ठेव आणि खिडकी लाव.’ बघून बघून इतर मुलांच्या मागून करतंय का, तेही पाहा. उच्चारासाठी एकच ध्वनी शब्दाच्या सुरुवातीला, मध्ये, शेवटी ऐका: रस्ता, करवत, घर. चूक जशी ऐकू येते तशीच लिहा. ‘अस्पष्ट बोलतो’ या नोंदीचा स्पीच थेरपिस्टला, म्हणजे बोलण्यावर उपचार करणाऱ्या तज्ज्ञाला, काडीचा उपयोग नाही.

पुण्यातल्या वर्गात घरी कन्नड, शाळेत इंग्रजी, मैदानात मराठी असं सर्रास असतं. दोन भाषांमुळे दोष होत नाही. घरच्या भाषेतही तीच अडचण असेल तरच काळजीचं, म्हणून पालकांना आधी तेच विचारा. घरची भाषा बंद करायला मात्र सांगू नका.

अडखळणाऱ्या मुलाला ‘सावकाश बोल’ म्हणू नका, त्याचा शब्द पूर्ण करू नका; थांबा.

थेरपीआधी श्रवणचाचणी हवीच. वारंवार सर्दी, कान वाहणं यानेही ऐकू कमी येतं. पुण्यात धनकवडीत भारती विद्यापीठाचं वाचा-श्रवण महाविद्यालय आहे. कुठेही गेलात तरी थेरपिस्टची आरसीआय (भारतीय पुनर्वास परिषद) नोंदणी पाहून घ्या.