सतराव्या शतकातल्या डच चित्रांत घरकामच इतकं का दिसतं? खरी घरं तशी होती का?

मुख्य कारण गिऱ्हाईक. प्रॉटेस्टंट चर्चने चित्रं लावणं बंद केल्यावर चित्रकारांचं ते मोठं काम गेलं. दुसरीकडे, व्यापारात पैसा कमावलेली शहरी कुटुंबं घरात टांगायला लहान चित्रं घेऊ लागली, आणि त्यांना आपल्यासारखा संसार बघायला आवडायचा.

चित्रकार व्हर्मीरचं दूध ओतणाऱ्या मोलकरणीचं चित्र (साधारण १६५८) नीट बघा. चित्र जेमतेम ४५ सेंमी उंच. भिंतीत एक खिळा, आजूबाजूला उपटलेल्या खिळ्यांची भोकं, खिडकीची एक काच फुटकी, खाली पाय शेकायची पेटी. एका मोलकरणीकडे इतक्या आदराने पाहिलेलं चित्र मला तरी दुसरं आठवत नाही.

पीटर द होखच्या एका चित्रात आई मांडीवर डोकं टेकवलेल्या लेकराच्या उवा काढतेय. मागे भिंतीत बसवलेला पलंग, पलीकडच्या खोलीत ऊन.

पण हे त्या घरांचे फोटो समजू नका. काळ्यापांढऱ्या संगमरवरी फरश्या साध्या घरांत क्वचितच असत. खोली किती आतपर्यंत जाते ते दाखवायला सोप्या, म्हणून चित्रकार त्या घालत. चित्रकार यान स्टेनच्या चित्रांतली पसाऱ्याने भरलेली घरं तर बघणाऱ्याला हसवत कान पिळायला मुद्दाम रचलेली आहेत.