साथ नसताना आरोग्य यंत्रणा लोकांची नेमकी काय तयारी करून घेतात?

साथ पसरली की आरोग्य खात्याची धावपळ दिसते, पण एरवी ही मंडळी काय करतात, असं तुम्ही विचारलं आहे. साथरोग सर्वेक्षणात माझी बरीच वर्षं गेली, त्यामुळे आतून पाहिलेलं सांगतो.

रोजचं मोठं काम म्हणजे कान उघडे ठेवणं. ताप, जुलाब, कावीळ, पुरळ यांचे आकडे दवाखान्यांकडून दर आठवड्याला मागवले जातात. एकही रुग्ण नसला तरी शून्य लिहून पाठवायचं. शून्य म्हणजे कुणीतरी पाहिलं, रिकामा रकाना म्हणजे कुणी पाहिलंच नाही. औषध दुकानदार, शिक्षक, गावपातळीवरचे कार्यकर्ते यांनाही काय दिसलं की फोन करायचा ते शिकवून ठेवतात. एका घरात तिघांना एकदम जुलाब झाले तर ते बहुतेक वेळा शेजाऱ्यालाच आधी कळतं.

पण फोन करणाऱ्याचा समोरच्यावर विश्वास हवा, आणि तो साथ आल्यावर तयार होत नाही. पश्चिम आफ्रिकेत २०१४ साली इबोला हा मृतदेहाला हात लावल्यानेही पसरणारा जीवघेणा विषाणूजन्य आजार पसरला तेव्हा संरक्षक पोशाखातली अनोळखी माणसं मृतदेह पिशवीत घालून नेत. घरच्यांना निरोपही घेता येत नसे. लोक आजारी माणसं लपवू लागले. पुढे कुटुंबाला सुरक्षित अंतरावरून प्रार्थना करू दिली, धर्मगुरूंना सोबत घेतलं, आणि दफनाला होणारा विरोध कमी झाला. ही बोलणी आधीच झाली असती तर कितीतरी जीव वाचले असते, असं मला आजही वाटतं.

त्याच वर्षी २० जुलैला इबोलाची लागण झालेला एक प्रवासी नायजेरियात लागोसला विमानाने उतरला. एवढं दाटीचं शहर! पण तिथे पोलिओसाठी उभारलेला आपत्कालीन कक्ष आणि घरोघर फिरून तयार झालेली माणसं होती. तीच यंत्रणा इबोलाकडे वळवली. रुग्णांच्या संपर्कात आलेल्या जवळपास ९०० जणांचा माग काढला, त्यांच्याकडे सुमारे १८,५०० भेटी दिल्या. एकूण रुग्ण २०, मृत्यू ८. २० ऑक्टोबरला देश इबोलामुक्त जाहीर झाला. दुसऱ्याच आजारासाठी केलेली मेहनत इथे उपयोगी पडली.

लसी, सलाइन, क्लोरीन यांचा साठा, खाटांची सोय हे सगळं असतंच, त्यावर जास्त लिहीत नाही. रंगीत तालमीबद्दल मात्र सांगायलाच हवं. एकदा आम्ही पटकीचा, म्हणजे कॉलऱ्याचा, एक रुग्ण फक्त कागदावर दाखल केला आणि रात्री साडेनऊला यादीप्रमाणे फोन लावायला घेतले. पहिल्या अधिकाऱ्याची बदली झालेली. दुसऱ्याचा नंबर बंद. सलाइन गोदामात भरपूर होतं, पण किल्ली ज्याच्याकडे तो रजेवर. योजना सुंदर छापलेली होती, पण ती कपाटात ठेवल्यापासून कुणी उघडलीच नव्हती. पटकीत शरीरातलं पाणी इतक्या झपाट्याने जातं की उपचार मिळाले नाहीत तर माणूस काही तासांत दगावू शकतो. आमचे दोन तास नुसते किल्ली शोधण्यात गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी गोदामाची आणखी एक किल्ली करून घेतली. आता दर तीन महिन्यांनी यादीतला प्रत्येक नंबर आम्ही स्वतः लावून पाहतो, आणि पलीकडून आवाज आला तरच त्यापुढे खूण करतो.