सहा वर्षांची मुलगी दत्तक घेतोय. तिचं नाव बदललं तर तिच्या मनावर काय परिणाम होईल?

मुलगी सहा वर्षांची आहे, संस्थेतलं नाव घरात कुणाला फारसं रुचलेलं नाही आणि सासूबाईंना बारसं करून नवं नाव ठेवायचंय, असं तुम्ही लिहिलंय. माझं मत स्पष्ट आहे: तिचं पहिलं नाव राहू द्या.

दत्तक बाळ काही आठवड्यांचं असतं तेव्हा खुशाल नवं नाव ठेवावं. साधारण साडेचार महिन्यांचं मूल आपल्या नावाचा आवाज ओळखू लागतं, तरी वर्षाच्या आत नवं नाव सहज अंगवळणी पडतं. सहा वर्षांच्या मुलीची गोष्ट वेगळी. ती हे नाव पाटीवर लिहायला शिकली आहे, हजेरीत या नावाला 'हजर' म्हणते. आपल्याकडे मुलाच्या नावापुढे वडिलांचं नाव आणि आडनाव लागतं, म्हणजे तीनपैकी दोन भाग तसेही बदलणारच आहेत. सांभाळणाऱ्या ताया, शेजारच्या खाटेवरची मैत्रीण, जेवणाची वेळ, सगळं एका दिवसात सुटतं. तिचं म्हणून तिच्यासोबत येतं ते पहिलं नाव.

'ते नाव आईवडिलांनी नाही, संस्थेतल्या कुणीतरी ठेवलंय' हा युक्तिवाद नेहमी ऐकू येतो. मुलीला त्याने फरक पडत नाही. तिला त्याच नावाने कुशीत घेतलंय, त्याच नावाने रागावलंय.

'पण तिला विचारलं, ती हो म्हणाली' यावरही विसंबू नका. पहिल्या काही महिन्यांत मोठी मुलं जवळजवळ प्रत्येक गोष्टीला हो म्हणतात, कारण नाही म्हटलं तर परत पाठवतील ही भीती मनात असते. तो होकार नावाला नसतो. असं घाईने बदललेलं नाव पुढे टोचतं: हाक मारल्यावर मूल वळत नाही, मग ऐकत नाही म्हणून ओरडा बसतो, किंवा चूक झाली की 'ते मी नाही, आधीच्या मुलीने केलं' असं म्हणतं.

अपवाद आहेत. नावच अपमान करणारं असेल तर ते बदलायलाच हवं. २०११ मध्ये सातारा जिल्ह्यात 'नकुशी' नावाच्या दोनशेहून अधिक मुलींची नावं बदलली, तेव्हा अनेकींनी नवं नाव स्वतः निवडलं होतं. नावावरून मुलाचा माग काढून त्रास देणारं कुणी असेल, किंवा मूल आपणहून, पुन्हा पुन्हा मागत असेल, तर जरूर बदला.

अडचण कागदांची आहे. अर्ज दाखल झाल्यावर दोन महिन्यांत दत्तक आदेश व्हावा अशी तरतूद आहे, आणि आदेशातल्या नावाने जन्मदाखला निघतो. म्हणजे मुलगी रुळायच्या आतच नाव ठरवावं लागतं. म्हणून आदेशात जुनं पहिलं नाव आणि तुमचं आडनाव लावा. पुढे दहा-बारा वर्षांची झाल्यावर तिलाच बदलावंसं वाटलं तर राजपत्रात नावबदल करता येतो. आधी जन्मदाखला, मग आधार, मग शाळेचं रजिस्टर हा क्रम सोडू नका. आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं. मराठी आणि इंग्रजी स्पेलिंग सगळीकडे एकच ठेवा. संस्थेतलं लसीकरणाचं कार्ड आणि जुन्या नावाचे कागद फाडू नका. अठरा वर्षांची झाल्यावर ती स्वतः आपल्या मुळांचा शोध घेण्यासाठी अर्ज करू शकते, तेव्हा हे कागद उपयोगी पडू शकतात.

सासूबाईंची हौस मोडायची गरज नाही. बारशाऐवजी घरात आल्याचा सोहळा करा, आत्याने तिच्या कानात तिचं आहे तेच नाव पूर्ण सांगू दे, नव्या आडनावासकट. लाडाचं नाव ठेवायचं तर ठेवा, आपल्याकडे घराघरात असतं. फक्त ते जुन्या नावासोबत चालू द्या, आणि जुनं नाव फक्त रागावताना वापरायचं असं कधी होऊ देऊ नका.

शाळा सुरू होण्याआधी वर्गशिक्षिकेला भेटून हजेरीत कोणतं आडनाव घ्यायचं ते सांगून ठेवा. जुना दाखला वर्गात सगळ्यांसमोर वाचला गेला तर त्यानंतरचे प्रश्न तिला एकटीला झेलावे लागतात.