विचारा की! : तंबूत झोपून जंगल कसं वाचतं?

प्रश्न : नमस्कार ताई, लग्नाला तीस वर्षं झाली म्हणून मुलगा-सून आम्हा दोघांना कंबोडियाला पाठवतायत. अंगकोर वगैरे ठीक आहे, पण पुढे दोन रात्री कार्डमम टेंटेड कॅम्प म्हणून आहे तिथे, म्हणजे पावसाळी जंगलात नदीकाठी तंबू. पैसे किती विचारलं तर सून सांगेना, शेवटी मीच मोबाईलवर बघितलं आणि खरं सांगते, तेवढ्यात आमच्या मजल्यावरच्या चारही घरांचं अष्टविनायक होईल. वर म्हणे तुम्ही राहिलात की जंगल उभं राहतं. आमचे हे म्हणतात जंगल वाचवायचंय तर सरळ चेक फाडा, गादीवर लोळून कुठे झाडं वाचतात? ह्यांचं बरोबर आहे का? आणि वाघ दिसेल का हो?
एक वाचक, ठाणे

उत्तर : आधी वाघाचं उरकते, नाही दिसणार. कंबोडियात वाघच उरला नाहीये. शेवटचा कॅमेऱ्यात आला तो 2007 साली, तोही पार पूर्वेला मोंडुलकिरीत, आणि 2016 मध्ये सरळ जाहीरच केलं की आता इथे वाघ धरू नका. वाघ बघायचा असेल तर ताडोबाचं बुकिंग करा, स्वस्तही पडेल. पण गंमत अशी की 2022 च्या नोव्हेंबरात आपल्या सरकारने कंबोडियाशी करार केलाय की इथले वाघ तिकडे नेऊन सोडायचे, आणि जागा कुठली तर हेच कार्डममचे डोंगर. कार्डमम म्हणजे आपला वेलदोडा, स्थानिक ख्मेर भाषेतलं नाव क्रवान, त्याचाही अर्थ तोच. म्हणजे आपले वाघ वेलदोड्याच्या डोंगरात सासरी जाणार, गेले तर.

आता चेकचं. तुमच्या ह्यांचा मुद्दा अर्धा बरोबर आहे. अर्धा का, तर चेक एकदाच फाटतो आणि जंगलाला रोजची वहिवाट लागते. आपल्याकडे गावाकडची जमीन पडीक ठेवली की काय होतं ते तुम्हाला माहितीये, आधी शेजाऱ्याची गुरं येतात मग शेजारीच येतो. तिकडे शेजाऱ्याच्या जागी कंपन्या येतात. तुमचा कॅम्प ज्या बोटुम साकोर नॅशनल पार्कात आहे ना, तिथलंच उदाहरण घ्या. नकाशावर नॅशनल पार्क असूनसुद्धा 2008 मध्ये त्या भागातली 36,000 हेक्टर जमीन एका चिनी कंपनीला 99 वर्षांच्या लीजवर दिली गेली, रिसॉर्ट, कॅसिनो, गोल्फचं मैदान यासाठी. नुसता हिरवा रंग भरून जंगल राहत नाही. मग काही लोकांनी उलटं डोकं चालवलं, की आपणच लीज घेऊ आणि त्यावर काही करायचंच नाही. तुमच्या कॅम्पची ही जागा जवळजवळ 18,000 हेक्टर, म्हणजे तुमच्या शेजारचं बोरिवलीचं नॅशनल पार्क आहे त्याच्या दीडपटीहून जास्त, आणि एवढ्या जागेत तंबू किती तर नऊ! नऊ तंबूंचं भाडं महाग असणारच. तुम्ही नुसत्या गादीचे पैसे देत नाही आहात, त्या रिकाम्या ठेवलेल्या जागेचं भाडं भरताय असं समजा, आणि ते दर आठवड्याला कुणीतरी भरावं लागतं.

याच डोंगररांगेत शिंता मानी वाइल्ड म्हणून याहून कितीतरी महागडं प्रकरण आहे, तिथे तर तारेला लटकून नदीवरून झिपलाइनने एन्ट्री घेतात. ती जमीनसुद्धा लाकूडतोडीसाठी लिलावात निघाली होती, बिल बेन्सली नावाच्या हॉटेल डिझायनरने बोली लावून घेतली आणि पंधरा तंबू टाकले. सुनेला हे सांगू नका, बुकिंग बदलेल.

भाड्याचा दुसरा भाग रेंजरांकडे जातो, आणि माझ्या मते खरी किंमत तिथेच वसूल होते. वाइल्डलाइफ अलायन्स ही संस्था तिकडची गस्त बघते. गस्तीत त्यांचं मुख्य काम बंदुकीचं नाहीच, फासकी काढायचं. तुमचं माहेर कोकणात असेल तर वेगळं सांगायला नको, रानडुकरासाठी लावलेल्या फासकीत बिबट्या अडकला ही बातमी आपण वर्षाला चारदा तरी वाचतो. तिकडे तेच, फक्त प्रमाण ऐकून घाम फुटेल. कार्डममच्या दक्षिण भागात 2010 ते 2015 या काळात रेंजरांनी 1,09,217 फासकी काढली. बाइकची ब्रेकची केबल, वायर, नायलॉन, जे मिळेल त्याची बनवतात, खर्च जवळपास शून्य, आणि शहरात रानातल्या मटणाला पैसेवाली गिऱ्हाइकं आहेत. भेकरासाठी लावलेल्या फासात अस्वलही अडकतं आणि उद्या आपला पाहुणा वाघही अडकेल. ज्या अभ्यासात हा आकडा आला त्यातच पुढे लिहिलंय की नुसती फासकी काढून हे थांबत नाही, फासाचं सामान बाळगणं हाच गुन्हा धरायला हवा. म्हणजे तुमच्या पैशाने जंगल 'वाचलं' असं ब्रोशरवाले म्हणतील, मी एवढंच म्हणेन की तेवढे दिवस तेवढ्या वाटांवर माणूस फिरला.

म्हणून माझा सल्ला, तिथे गेल्यावर मसाज-बिसाज राहू दे, रेंजरांबरोबर चालायला जाता येतं तेवढं मात्र चुकवू नका. मी गेले होते तेव्हा प्राणी म्हणाल तर एक खार दिसली आणि लांबून धनेशाची जोडी, बस्स. पहाटे गिबन वानर ओरडतात ते मात्र ऐकाच, उशिरा उठलात तर गेलं. हत्ती, खवले मांजर वगैरे तिथल्या कॅमेऱ्यांत येतात, आपल्यासमोर येत नाहीत, आणि फासकीच्या रानात जे जनावर माणसाला टाळतं तेच जगलेलं असतं.

प्रश्न : ताई, माझं आजोळ कोयनेच्या अभयारण्यात गेलं. माणसं उठवली, मग तिथे पर्यटक आले. हे परदेशातले 'जंगल वाचवा' कॅम्प वाचले की मला तेच आठवतं. तिकडे वेगळं असतं का?
एक वाचक, चिपळूण

उत्तर : प्रश्न बरोबर जागी बोचतो तुमचा. वेगळं नसतं हो. कार्डममच्या जंगलात पिढ्यान्‌पिढ्या राहणारे चोंग लोक आहेत, वेलदोडा, मध, राळ गोळा करणारे. तिथल्या मोठ्या जंगलात कार्बन क्रेडिट विकायचा प्रकल्प चालतो, म्हणजे जंगल राखून जेवढा कार्बन हवेत जायचा वाचला त्याची सर्टिफिकेटं कंपन्यांना विकायची, तोही कंबोडियाचं सरकार आणि वाइल्डलाइफ अलायन्स यांचाच. त्यावर ह्यूमन राइट्स वॉच या मानवी हक्कांसाठी काम करणाऱ्या संस्थेने 2024 च्या फेब्रुवारीत रिपोर्ट काढला की लोकांना नीट न विचारता सुरू केलं, काहींना त्यांच्या शेतातून काढलं, काहींना अटकही झाली. वाइल्डलाइफ अलायन्सने हे आरोप फेटाळले. त्याआधीच, 2023 च्या जूनमध्ये, क्रेडिटला मान्यता देणाऱ्या व्हेरा या संस्थेने नवीन क्रेडिट देणं थांबवलं होतं, ते 2024 च्या सप्टेंबरात परत सुरू झालं. आता कॅम्प वेगळा आणि कार्बनचा प्रकल्प वेगळा हे खरं, पण गस्त घालणारी संस्था एकच आहे, तेव्हा पाहुण्याने डोळे मिटून 'आम्ही पुण्य केलं' म्हणत परत यावं असं मला वाटत नाही.

मग जाऊच नये का? मी जाईन, गेलेही, पण प्रश्न विचारत. बोट चालवणारा, भांडी घासणारा, गाइड कुठल्या गावचा? भाजी-मासळी गावातून येते का राजधानी नॉमपेन्हहून? रेंजरांना वर्षाला किती दिले ते कागदावर दाखवता का? नीट चालवणारा मॅनेजर यावर तासभर बोलतो, नुसता बोर्ड लावलेला असेल तर तुम्हाला वेलकम ड्रिंक देतो. (हा नियम मी आपल्याकडच्या एका 'इको' रिसॉर्टवर शिकले, तिथे बांबूच्या स्ट्रॉचं कौतुक होतं आणि सांडपाणी सरळ ओढ्यात.)

आणि एवढे पैसे घालायचे नसतील तर त्याच भागात ची फाट नावाचं गाव आहे. पूर्वी तिथले बरेच जण शिकार आणि लाकूडतोड करायचे, 2007 च्या सुमारास होमस्टे आणि गाइडिंग सुरू झालं, आता त्यातलेच काही पाहुण्यांना रानात नेतात. गावाची कमिटी आहे, पैसा घरटी फिरतो. मच्छरदाणी, बादलीची अंघोळ, पहाटे कोंबडा. तुम्हाला आजोळचीच आठवण येईल, म्हणून सांगितलं.

प्रश्न : जळवा असतात का? एसी आहे का? आम्ही शाकाहारी, गुडघे दुखतात.
ठाण्याच्याच वाचक, पुन्हा

उत्तर : अहो, पावसाळी जंगलात जळवा नसतील तर पैसे परत मागा! नोव्हेंबर ते एप्रिल जा, तेव्हा त्रास कमी, मे ते ऑक्टोबर पाऊस असा पडतो की आंबोलीवाले पण मान डोलावतील. लांब मोजे, पँट मोज्यात खोचायची, आणि चिकटलीच तर ओढायची नाही, मिठाची पुरचुंडी बरोबर ठेवा. एसी नाही, सोलरवर पंखा आहे. पहिली रात्र चिडचिड होते, दुसऱ्या रात्री झोप लागते. शेवटचा टप्पा त्रपियांग रुंग गावातून बोटीने आहे, तेव्हा गुडघ्यांचं आधीच कळवून ठेवा म्हणजे चढायला-उतरायला कुणीतरी हात देईल, चालणंही लहान वाटेचं मागा.

जेवणाचं मात्र बुकिंग करतानाच लिहून द्या, आणि 'व्हेज' एवढंच लिहू नका. तिकडे माशाचं पाणी (फिश सॉस) आणि प्रहोक म्हणजे आंबवलेल्या माशांचा गोळा, हे आपल्या हिंग-मोहरीसारखं सगळ्यात पडतं, भाजीतसुद्धा, आणि त्यांच्या लेखी ते नॉनव्हेज नसतंच. दोन्ही नावं लिहून 'हे नको' म्हणा. चटणीची बाटली घेऊन जाच, घट्ट झाकणाची घ्या, मुंग्या आहेत.