फुप्फुसाच्या कॅन्सरचा प्रकार मशीन लर्निंगने ओळखता येतो का, आणि त्याचा ट्रीटमेंटला काय उपयोग?

येतो, आणि बऱ्यापैकी चांगला. २०१८ मध्ये न्यूयॉर्क युनिव्हर्सिटीच्या टीमने इन्सेप्शन व्ही३ हे गुगलचं फोटो ओळखणारं मॉडेल फुप्फुसाच्या टिश्यूच्या स्लाइडच्या फोटोंवर ट्रेन केलं, स्लाइड प्रचंड मोठी असते म्हणून तिचे छोटे छोटे तुकडे करून, आणि अ‍ॅडिनोकार्सिनोमा, स्क्वॅमस (हे दोन्ही फुप्फुसाच्या कॅन्सरचे मुख्य प्रकार) आणि नॉर्मल टिश्यू वेगळं ओळखण्यात त्याचा एयूसी (मॉडेल किती नीट फरक करतं त्याचं माप, १ म्हणजे अचूक, ०.५ म्हणजे नुसता अंदाज) साधारण ०.९७ आला.

आता हा फरक कळून काय होतं? बरंच काही. पेमेट्रेक्सेड हे केमोचं औषध स्क्वॅमसमध्ये वापरत नाहीत, आणि बेव्हॅसिझुमॅब (ट्यूमरच्या नव्या रक्तवाहिन्या रोखणारं औषध) स्क्वॅमसमध्ये दिलं तर रक्तस्त्रावाचा धोका असतो. मला जास्त भारी वाटलं ते पुढचं, तेच मॉडेल त्यासाठी वेगळं ट्रेन केल्यावर त्याने नुसत्या फोटोवरून ईजीएफआर, केआरएएस, एसटीके११ अशा सहा जीन्समधल्या म्युटेशनचाही (जीनमधल्या बदलाचाही) अंदाज लावला. पण तिथे एयूसी ०.७३ ते ०.८६ च्या दरम्यानच, म्हणजे ईजीएफआरवरची ओसिमर्टिनिबसारखी गोळी सुरू करायची तर जेनेटिक टेस्ट करावीच लागते, फोटोवर भागत नाही. शिवाय लॅब बदलली, स्लाइडचा रंग किंवा स्कॅनर बदलला की मॉडेल गडबडतं, त्यामुळे फक्त एयूसी बघून हुरळून जाऊ नका, बाहेरच्या हॉस्पिटलच्या डेटावर तपासलंय का ते आधी विचारा.