मॅक्रोने दिलेली एरर टेस्ट कशी करायची?

प्रश्न : रस्ट या प्रोग्रामिंग भाषेत डिराइव्ह मॅक्रो (टाइपवर लावला की त्यासाठी आपोआप कोड तयार करणारा) लिहिला आहे. तो फक्त स्ट्रक्टसाठी आहे; एनमवर लावला तर कम्पाइल होतानाच एरर यायला हवी. पण असा कोड टेस्टमध्ये घातला की टेस्टच बिल्ड होत नाही. डॉक-टेस्टमधलं (म्हणजे डॉक्युमेंटेशनमधल्या उदाहरणांच्या टेस्टमधलं) ‘कम्पाइल_फेल’ चालेल का?

उत्तर : त्यावर विसंबू नका. उदाहरण कम्पाइल झालं नाही की टेस्ट पास; एरर कुठली आली याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. उदाहरणात ‘यूज’ची ओळ लिहायची राहून गेली, तरी टेस्ट पास! पुढे एरर कोड लिहिता येतो, पण तो फक्त नाइटलीवर (रस्टच्या रोज निघणाऱ्या प्रायोगिक आवृत्तीवर) तपासला जातो, आणि मॅक्रोने स्वतः काढलेल्या एररला कोड नसतोच.

ट्रायबिल्ड हे क्रेट (रस्टची लायब्ररी) डेव्ह-डिपेंडन्सीत, म्हणजे फक्त टेस्टसाठी लागणाऱ्या क्रेट्समध्ये घ्या. ‘टेस्ट्स/यूआय’ फोल्डरमध्ये एका चुकीला एक फाइल करा. प्रत्येकीत रिकामं मेन फंक्शन हवंच, नाहीतर मेन न सापडल्याची ई०६०१ ही एरर तुमच्या अपेक्षित मजकुरात जाऊन बसते. मग टेस्टमध्ये ट्रायबिल्डच्या टेस्टकेसेसच्या ‘कम्पाइल_फेल’ मेथडला या फाइलींचा पाथ द्या. पहिल्या रनला अपेक्षित मजकूर नसतो, म्हणून आलेली एरर ‘डब्ल्यूआयपी’ फोल्डरमध्ये लिहिली जाते. ती वाचून, पटली तरच मूळ फाइलीशेजारी हलवा. ‘ट्रायबिल्ड=ओव्हरराइट’ हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल दिलं की हे आपोआप होतं; पण न वाचता दिलंत तर चुकीची एररच ‘अपेक्षित’ ठरते.

वाचताना शब्दांइतक्याच खालच्या कॅरेट (^) खुणा बघा. एनम कीवर्डच्या चार अक्षरांखाली चार कॅरेट हवेत. त्या वर डिराइव्हच्या ओळीत दिसल्या, तर मॅक्रोत बहुधा पॅनिक केलेलं असतं किंवा कॉल_साइटचा स्पॅन (मॅक्रो जिथे लावला ती कोडमधली जागा) दिलेला असतो. त्याऐवजी सिन या रस्ट कोड पार्स करणाऱ्या क्रेटच्या एरर::न्यू_स्पॅन्डला डेटाएनममधलं एनम_टोकन द्या आणि टू_कम्पाइल_एररने परत करा.

प्रश्न : याच टेस्ट लॅपटॉपवर पास होतात, सीआयवर (आपोआप टेस्ट चालवणाऱ्या सर्व्हरवर) फेल. का?

उत्तर : दोन्हीकडच्या रस्टसीची (रस्टच्या कम्पायलरची) आवृत्ती ताडून बघा. तुमचा स्वतःचा मजकूर सहसा टिकतो. ट्रेट बाउंड (टाइपवर घातलेली ट्रेटची अट) पुरा न झाल्याच्या एररखालच्या ‘हेल्प’ ओळी मात्र आवृत्तीगणिक बदलतात. रस्ट-टूलचेन फाइलीत आवृत्ती पक्की करा, किंवा या टेस्ट एकाच आवृत्तीवर चालवा. आवृत्ती एकच असूनही फरक दिसला, तर रस्ट-एसआरसी हा स्टँडर्ड लायब्ररीच्या सोर्स कोडचा कम्पोनंट एकीकडेच आहे का पाहा. तो असेल तिथे एररमध्ये स्टँडर्ड लायब्ररीच्या कोडच्या ओळीही छापल्या जातात.